मार चुकवणारं पोतं

गोदामात ठोसे मारायला टांगलेलं पोतं फाटलं आणि आतला कोंडा माझ्या डोक्यावर सांडला. मी खाली झाडत होते. केस, नाक, पापण्या, सगळीकडे कोंडा. मॅटवरची पोरं हसली. मीही हसले. तेव्हा मला हसायची फार सवय होती. रिया हातात मोजे घालून तशीच उभी, तोंड पाडून, कारण तिचा सराव अर्धा राहिला होता. तिचे काका, म्हणजे आमचे सर, म्हणाले,

"पोतं फाटलं त फाटलं. हे हाय ना."

हे म्हणजे मी. सरांनी माझ्या हातातला झाडू काढून भिंतीला टेकवला आणि मला रियासमोर उभं केलं.

ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला होते. माझं आजचं पोट पाहून कोणाला ती खरी वाटत नाही. शिवाय रियाची उंची दर वर्षी थोडी वाढते, असं माझा भाऊ म्हणतो. म्हणून यंदा लिहून काढते आहे. कागदावर एकदा उतरली की तिला वाढता येणार नाही.

मी कारधाची. पूल ओलांडला की भंडारा. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी शाळेत होते आणि कबड्डी खेळत होते. जागा डाव्या कोपऱ्यात. चढाई करणाऱ्या पोरींची नावं गावभर व्हायची. कोपऱ्यातल्या पोरीचं नाव तिच्या मायलाही पटकन आठवत नाही. कोपऱ्याचं काम साधं. मागे सरायचं, समोरचीला आत येऊ द्यायचं, तिचा दम संपत आला की घोटा धरायचा. बाप गेला तशी शाळा सुटली, कबड्डी सुटली. माय दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवणीला, कापणीला जायची, मी तिच्या मागं. मग मायची कंबर गेली. भाऊ लहान, घरात कमावणारी मीच उरले आणि पुलापलीकडे झाडूचं काम मिळालं.

गोदाम राइस मिलचं, मिल सरांच्या घरची. रिया त्यांच्या भावाची पोरगी. नागपुरात कॉलेजात असताना ती हा नवीन खेळ शिकून आली होती. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकातच, आणि तेही जाळीच्या पिंजऱ्यात. एमएमए म्हणतात. सरांनी गोदाम रिकामं करून मॅट टाकल्या. पोरीचं नाव देशात करायचं म्हणून सगळं घर तिच्या मागं लागलं होतं. सरावाला आलेल्या बाकीच्या पोरी चार दिवसांत पळायच्या, कारण रिया मारायची जोरात आणि थांबायची नाही. मी पळू शकत नव्हते. हे सरांनी बरोबर ओळखलं.

पहिल्या दिवशी मी काय केलं ते सांगते, हसून घ्या. रियाने माझ्या गालावर ठोसा मारला आणि ती मागे गेली. मी शांतपणे वळले, मॅटच्या बाहेर आले आणि मांडी घालून बसले. कबड्डीत तसंच असतं. समोरची शिवून आपल्या घरी परत गेली की तुम्ही बाद. अंगात भिनलेलं होतं ते. गोदाम हसून हसून लोळलं. सर म्हणाले, "इथं कोणी आउट होत नाही. उभी राय."

खरं सांगितलं त्यांनी. त्यानंतर मी रोज उभी राहिले.

माझे मोजे वेगळ्या खिळ्यावर. पाण्याची बाटली वेगळी, दाराबाहेर. जात कोणी काढली नाही. आता कोणी तोंडावर काढत नाही. सरांच्या घरच्या बाई एवढंच म्हणाल्या की ज्याच्या त्याच्या घामाला वास असतो. बाकी सगळ्यांचे मोजे मात्र एकाच टोपलीत पडलेले असत. आणि हीच रिया मला खाली पाडून छातीवर बसायची, तेव्हा तिचा घाम सरळ माझ्या तोंडात यायचा. मारताना विटाळ होत नव्हता. मारून झाल्यावर व्हायचा.

मला हे तेव्हा कळत नव्हतं असं नाही. आमच्या वस्तीत विहार आहे, लहानपणापासून तिथं बसून मोठमोठी भाषणं ऐकली होती. टाळ्याही सगळ्यात जोरात मीच वाजवायची. पण टाळ्या वाजवणारे हात सोमवारी पुन्हा त्याच खिळ्यावरचे मोजे काढत होते.

एक दिवस तिचा उजवा ठोसा माझ्या डाव्या डोळ्यावर बसला. नुसता सुजला असता तर काही नव्हतं. सूज उतरली, पण डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले. आधी वाटलं, केस आलेत. मी दिवसभर केस मागे सारत होते. शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी उजेड टाकून पाहिलं. म्हणाल्या, आतला पडदा सैल झाला आहे. या बाजूला पुन्हा मार बसला तर हा डोळा जाईल. मग आवाज हळू करून त्यांनी विचारलं, घरी कोणी मारतं का?

मी म्हटलं, "घरी नाही जी. कामावर."

तेव्हापासून येता-जाता पुलावर थांबायची. उजवा डोळा हाताने झाकायचा आणि डाव्याने वैनगंगा दिसते का ते बघायचं. दिसली की पुढे चालायचं. लोकांना वाटायचं, ही नदीला हात जोडते. मी डोळा मोजत होते. दिसायची ती रोज थोडी पुसट.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, डोकं हलवत जाऊ नको, हलवलं की भलत्या जागी लागतं. एवढा त्यांचा इलाज.

मग माझा इलाज मी सुरू केला. हनुवटी खांद्यात. डावा हात कानापासून भुवईपर्यंत, खिडकीच्या झडपेसारखा. रियाचा खांदा हलला की अर्धं पाऊल मागे, आणि मागे जाताना थोडं बाजूला, म्हणजे तिला पुन्हा पाय लावून उभं राहावं लागे. कोणी शिकवलं नव्हतं. कोपऱ्यातली पोरगी आयुष्यभर हेच करते. रियाचे ठोसे हवेत जाऊ लागले. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बसलेल्या ठोशाने ती थकत नव्हती, हुकलेल्याने थकत होती. बसला की तिला नवा जोर चढे. हुकला की सगळं अंग पुढे जाई, ते मागे ओढावं लागे, आणि नाकातून एक जाड श्वास निघे. मी तो श्वास ऐकायला लागले.

सरांनी हे पाहिलं आणि सराव थांबवला. सगळ्यांसमोर म्हणाले, "पोतं चुकवते का कधी? तुले चुकवायले ठेवलं का मी?"

पोरं हसली. या वेळी माझ्याकडून हसणं झालं नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच म्हणा. दंडारी नाचतात, पाळणे लागतात, लेकीबाळी माहेरी येतात, पोरांच्या सोयरिकी पाहतात. त्या वर्षी सरांनी आपल्या गावच्या मंडईत पिंजरा उभा केला. नागपूरची एक लढणारी येणार होती. मोठे पाहुणे, कॅमेरा, सगळं तयार. रियाच्या लढतीचं चित्रण वरच्या निवडीला पाठवायचं होतं. नागपूरची आलीच नाही. मी तिथं खुर्च्या पुसत होते.

सरांनी मला मिलच्या ट्रकमागे नेलं. पहिल्याच फेरीत पडायचं, असं त्यांनी सांगितलं. पण नुसतं पडायचं नाही, चित्रात ठोसा बसलेला दिसला पाहिजे. हात खाली ठेवायचे. मी डोळ्याचं सांगितलं. डॉक्टरबाईंनी काय म्हटलं ते सगळं सांगितलं.

"दोन हायेत ना तुले?" सर म्हणाले. "एक त राहीनच."

रागाने नाही म्हणाले. ट्रकच्या चाकाबद्दल बोलावं तसं. वर म्हणाले, जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको.

मी हो म्हटलं. इथं घरातली पोरं दर वेळी चिडतात. हो काहून म्हटलं? म्हटलं बाबा. माय खाटेवर होती. एका डोळ्याने झाडता येतं, उपाशी राहून झाडता येत नाही, असा मी हिशेब केला. पिंजऱ्याच्या पायऱ्या चढताना मी डोळा देऊन टाकला होता.

लाउडस्पीकरवर रियाचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, मिलचं नाव झालं. माझ्यासाठी म्हणाले, आणि समोर आपल्याच भागातली एक मुलगी.

पंचाने हात खाली केला. रिया आली. मी हात खाली सोडले होते, खोटं नाही सांगत. तिचा उजवा खांदा हलला. ठोसा डाव्या बाजूने येताना दिसला, आणि त्याच्या कडेला ते काळे धागेही दिसले. माझा हात वर गेला. मी नेला नाही. गेला. ठोसा मनगटावर बसला आणि मी मागे, जाळीपाशी.

लोक ओरडायला लागले. पळून राहिली. अवो, मार ना. एक म्हातारा म्हणाला, हिले पैसे देऊन पळायले आणलं का. मला मारता येतच नव्हतं, त्याला मी काय करणार. मी जाळीला धरून बाजूबाजूने सरत होते, डावी बाजू तिच्यापासून लपवून. ती ठोसा टाकी, मी तिथं नसे. ती कमरेला धरायला वाकली की मी पाय मागे फेकून सगळं वजन तिच्या पाठीवर टाकी. तेव्हाही वजन बरं होतं माझं. पहिली फेरी संपली. मी पडले नव्हते.

बाकीच्यांच्या कोपऱ्यात पाणी, पंखा, टॉवेल घेऊन माणसं असतात. माझ्याकडे कोणी नव्हतं. सर जाळीपाशी आले. ओठ न हलवता म्हणाले, "हात खाली."

मी म्हटलं, "नाही."

आयुष्यात त्या घरातल्या माणसाला पहिल्यांदा. ते ऐकून मीच दचकले. मग भीती आली, कारण आता उद्या नव्हतं. काम गेलं होतं, मायचं औषध गेलं होतं. माझ्याजवळ एक डोळा होता आणि पाठीमागे जाळी.

दुसरी फेरी ती चिडून आली. चिडलेल्या माणसाचे ठोसे लांबून दिसतात. तरी दोन बसले, एक कानावर, एक बरगडीत, अजून थंडीत दुखते. डोळ्यावर एकही बसू दिला नाही. तिचा श्वास आता तोंडातून येत होता. तिसऱ्या फेरीत त्याचा आवाज लाउडस्पीकरच्या वर मला ऐकू येत होता. फुटलेल्या भात्यासारखा. तिने लाथ उचलली, आणि ती इतकी हळू आली की मला कीव आली. मी घोटा धरला. कबड्डीत धरतात तसाच, दोन्ही हातांनी, छातीशी. ती पडली. मी तिच्या पाठीवर गेले आणि ती रोज माझ्या गळ्याखाली घालायची तसाच हात तिच्या गळ्याखाली घातला. आवळला. तिने मॅटवर थापटलं, म्हणजे हार मानली. पंचाने मला ओढून काढलं.

मी तिला एकही ठोसा मारला नव्हता.

मग माइकवरून सांगण्यात आलं की ही फक्त प्रदर्शनी लढत होती, निकाल नाही. पाहुण्यांच्या हातून ढाल रियाला दिली. लोक दंडारीकडे वळले. मी पायऱ्या उतरून खुर्च्यांपाशी गेले, माझी चप्पल तिथं होती.

पुढच्या आठवड्यात सरांची गाडी कारधाला आली. ते खाली उतरले नाहीत, हॉर्न वाजवला. काच खाली करून म्हणाले, झालं ते झालं, उद्यापासून ये, पगार वाढवतो. रियाने आता असं चुकवणाऱ्यांशीही लढायला शिकलं पाहिजे. माय खाटेवरून माझ्याकडे पाहत होती. चूल थंड होती.

"काहून, येत नाही?"

"मले आता मार खाता येत नाही जी," मी म्हटलं.

गाडी गेली. माय भिंतीकडे तोंड करून झोपली. तो हिवाळा मी करडी गावाच्या बाजूला धान कापत फिरले. विळा चालवताना खाली वाकलं की धागे डोळ्यात गोळा व्हायचे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत माय राहिली नाही. मी गोदामात राहिले असते तर राहिली असती का? हा प्रश्न मी घरातल्या गोष्टीत घेत नाही. इथं घेतला.

परवा त्याच गोदामातून माणूस आला. रिया आता तिथं शिकवते. माझी भाची, म्हणजे भावाची पोरगी, अंगाने दणकट आहे. तिला सरावाला जोडीदार म्हणून पाठवा, महिना देऊ, असं तो ओट्यावर चहा पीत सांगत होता. भाची दारात उभी. तिला जायचं आहे. तिला खेळायचं आहे, आणि जवळपास दुसरी जागा नाही, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, शिकायला घ्या, फी सांगा. तो हसला. फी तुमच्याच्यानं होणार नाही, बाई. तिला फक्त समोर उभं राहायचं आहे.

फक्त समोर उभं राहायचं.

मी त्याला कप खाली ठेवायला सांगितलं.

"उभी राहायले ते पोरगी भेटणार नाही," मी म्हटलं. "पुन्हा आले तरी नाही. मी मेल्यावर आले, तवाही नाही. तवा ते स्वतः नाही म्हणन. मी शिकवून राहिली तिले."