म्हशाच्या जत्रेतला बैल आणि आमचं चोरटं रेडिओ स्टेशन

सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली म्हशाची जत्रा आठवते. माझ्या मित्राने जुन्या सुट्या भागांतून छोटंसं रेडिओ स्टेशन जुळवलं होतं, आणि त्याच्या मामाच्या घरामागे, पेंढ्याच्या उडवीआड लपून आम्ही दोघं जत्रेच्या बातम्या सांगायचो. टपऱ्याटपऱ्यांवरच्या रेडिओवर आमचाच आवाज लागायचा. स्टेशनचा परवाना आमच्यासारख्यांना मिळतच नसे. सापडलो असतो तर सामान जप्त आणि आम्ही आत. एका सकाळी मामाचाच बैल जत्रेतल्या गुरांच्या बाजारातून दावं तोडून पळाला. मामी रडायला लागली, तसा मित्राने माईक ओढला. ‘‘तांबडा बैल हाय, एक शिंग वाकडं. गावला तर विहिरीजवळच्या कौलारू घरामागं आना रे, आमी हितंच बसलोय!’’ मी कपाळावर हात मारला. थोड्या वेळाने घुंगरं वाजली. बैल आला, आणि त्याचं दावं धरून आला हवालदार! मित्राने माईक पेंढ्यात खुपसला. त्याने बैल बांधला, झाडावर चढवलेल्या आमच्या एरियलच्या वायरीकडे निवांत पाहिलं आणि तो म्हणाला, ‘‘आता गावला म्हनून पन सांगा की रे, आख्खी जत्रा शोधत फिरतेय!’’ आज माझ्या गाडीत ढीगभर स्टेशनं लागतात. पण माझा बैल हरवला, तर सांगू कुणाला?