सासूबाईंची साथ

माझ्या मुलाचं लग्न ठरलं त्याच वर्षी गाणी काढणाऱ्यांना 'सासूबाई' हा शब्द सापडला. एक वर्ष आधी ठरलं असतं तर 'पाहुणी' या शब्दानं सुरू होणाऱ्या गाण्यांवर निभावलं असतं. मुलीकडचे तयारही होते. पण मुलाला शेवटचं वर्ष पूर्ण करायचं होतं. शिक्षणाचे असेही तोटे असतात.

पहिलं गाणं आलं 'सासूबाई, दमानं घ्या'. ते चाललं म्हणून 'सासूबाई, कुकर लागला' आलं, आणि मग 'सासूबाई, वायफाय द्या'. चाल तीच, ढोलकी तीच, फक्त सासूबाईंपुढची तक्रार बदलायची. सेनगावच्या स्टँडवर जीपवाले तेच वाजवायचे आणि माझ्या चौथीच्या वर्गातली लेकरं त्याच चालीवर पाढे म्हणायची. आमच्या भागात सासूला तोंडावर सासूबाई कुणीच म्हणत नाही. मी माझ्या सासूला आत्याबाई म्हणते, हल्लीच्या मुली सरळ आई म्हणतात. म्हणजे ज्या बाईसाठी ही गाणी होती ती आमच्या जिल्ह्यात राहतच नव्हती. तिच्या वतीनं ऐकायला मला बसवण्यात आलं.

हळद आमच्या दारात होती. डीजे हिंगोलीहून आला होता. मी मुलाला हळद लावायला वाकले आणि गाणं सुरू झालं. सगळा मांडव माझ्याकडं वळला. अशा वेळी हसत राहायचं असतं. मी इतकी हसले की गाल दुखायला लागले. तीन गाणी संपून पुन्हा पहिलं लागलं तेव्हा मी डीजेवाल्याकडं गेले.

"दादा, दुसरं काही लावता का?"

"लावतो की ताई." त्यानं वायफायचं लावलं.

"दुसरं म्हणजे सासूबाई नसलेलं."

तो विचारात पडला. "लावतो, पण कुणी नाचणार न्हाई. मंग मला म्हणू नका."

त्यानं एक जुनी गवळण लावली. बाया होत्या तिथं खाली बसल्या. कुणी पाणी मागितलं, कुणी जेवणाला किती वेळ आहे ते विचारलं. माझ्या सख्ख्या बहिणीनं वीज गेल्यावर बघावं तसं माझ्याकडं बघितलं. शेवटी मीच डीजेवाल्याला हातानं खूण केली, लाव बाबा. स्वतःचा अपमान स्वतःच्या खर्चानं पुन्हा सुरू करण्याचा योग सगळ्यांना येत नाही.

आत्याबाई पुढच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही. कोणत्या, ते त्या प्रसंग पाहून ठरवतात. त्या दिवशी दोन्ही कान चालू होते. "चांगली गाणी निघून राहिली आता," त्या म्हणाल्या. "मी सून व्हते तव्हा काहून न्हाई निघाली?"

लग्न शिरड शहापूरला, मुलीच्या गावी. नवरी मांडवात नाचत आली. पुढं चुलत बहिणी, मागं फुलांची छत्री, आणि गाणं अर्थातच 'सासूबाई, दमानं घ्या'. प्रत्येक 'घ्या'ला सगळ्याजणी माझ्याकडं बोट करायच्या. ती नाचातलीच स्टेप होती, असं मला नंतर तिघींनी समजावून सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या. शाळेत कुणी काहीही सादर केलं तरी टाळ्या वाजवायच्या असतात, ती सवय कामाला आली.

घरात आल्यावर सून अगदी मऊ निघाली. "आई, चहा घेता का?" "तू घेतलास का आधी?" असं दिवसभर चालायचं. मोठे साहेब येणार म्हणून ऑफिसात सगळे एकमेकांशी नीट बोलतात, तसं आमचं घर झालं होतं. गाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. मी मात्र काही विसरले नव्हते.

दिवाळीनंतर आम्ही तिघी नरसीला दर्शनाला गेलो. दर्शन झाल्यावर आत्याबाई बांगड्या बघायला गेल्या, सोबत सूनही. बराच वेळ त्या येईनात म्हणून मी सुनेला फोन लावला. समोरच्याच दुकानापुढून खणखणीत आवाजात सुरू झालं, 'सासूबाई, दमानं घ्या'.

सुनेचा फोन पिशवीत तळाशी, वर नारळ, प्रसाद आणि आत्याबाईंची शाल. ती उपसत राहिली, गाणं वाजत राहिलं. बांगडीवाला म्हणाला, "उचला ताई, घरून फोन हाय वाटते." दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी तिच्या मागंच कानाला फोन लावून उभी होते. मला तो बंद करता आला असता. मी केला नाही. गाणं पूर्ण ऐकावं म्हटलं.

तिनं वळून मला बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"आई, मी न्हाई लावलं हे. तुमच्या लेकानं लावलं तुमच्या नंबरला, साखरपुड्यात."

"मग काढलं काहून नाहीस?"

"काढलं व्हतं." ती खाली बघून बोलत होती. "साधी घंटी ठेवली. मंग तुमचा फोन आला तर मला वाटलं कंपनीवाल्यांचा हाय, मी कट केला. त्या दिवशी घरी आल्यावर तुमी माझ्याशी एक शब्द बोलल्या न्हाईत. म्हणून परत लावलं. हे वाजलं की मी कुठंबी असले तरी पळत येते."

तो दिवस मला आठवला. "अगं, त्या दिवशी माझी दाढ काढली होती," मी म्हणाले. "तोंडात बोळा होता. डॉक्टरनीच बोलू नका म्हणून सांगितलं होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि आमच्याकडं आल्यापासून पहिल्यांदा ती दात दिसेपर्यंत हसली. मीही हसले. गाल दुखले नाहीत.

"आणि लग्नातलं ते बोट?"

"ते बहिणींनी बसवलं. मला गवळणीवर नाचायचं व्हतं. त्या म्हणल्या, कुणी बघणार न्हाई."

हे मी कुठं तरी ऐकलेलं होतं, म्हणून वाद घातला नाही.

इतका वेळ आत्याबाई बांगड्यांचा भाव करत असल्याचं दाखवत होत्या. आता त्यांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. "तुझ्या फोनात माझं कोन्तं गाणं हाय?"

कोणतंच नव्हतं. मी त्यांच्या फोनवरून माझ्या फोनला रिंग देऊन दाखवली. ट्रिंग ट्रिंग.

"म्हणजे कंपनीवाल्याचा आन् माझा फोन सारकाच वाजते," त्या म्हणाल्या, आणि सेनगाव येईपर्यंत जीपमध्ये त्यांना कोणत्याच कानानं ऐकू आलं नाही.

सेनगावात चहा प्यायला थांबलो तेव्हा सुनेनं माझा फोन मागून घेतला आणि आत्याबाईंच्या नंबरला 'सासूबाई, कुकर लागला' लावून दिलं. आत्याबाईंनी ते दोनदा वाजवून बघितलं आणि चहात बिस्कीट बुडवलं. गाणं बदलायचं कसं ते मला येतं. पण बदलायची छाती नाही.

गेल्या महिन्यात आमची शिक्षण परिषद होती. साहेब आनंददायी शिक्षणावर बोलत होते, म्हणजे हॉलमध्ये कुणालाच आनंद नव्हता. तेवढ्यात माझ्या पर्समध्ये कुकर लागला. मागच्या दोन रांगांनी ताल धरला. साहेब थांबले.

"कुणाच्या सासूबाई?"

मी हात वर केला.

"उचला मॅडम. अर्जंट असेल."

अर्जंटच होतं. काडीपेटी सापडत नव्हती. अख्ख्या हॉलसमोर मी सांगितलं, "आत्याबाई, देवळीत, मिठाच्या बरणीमागं."

"तिथं न्हाई."

"मग सुनेला विचारा ना."

"तिनंच सांगितलं तुला विचारायला. ती म्हणते, आई लगेच उचलतात."