सासूबाईंचा अभिप्राय

आख्खी इमारत तिला फोटोवहिनी म्हणते आणि तिला त्यात मान वाटतो. वहिनी स्वयंपाक उत्तम करत असेलही. पण तशी खात्री देणारा घरात कोणी नाही, कारण गरम असताना तो स्वयंपाक कोणाच्या तोंडात गेलेलाच नाही.

अकरा ते एक खिडकीतून जेवणाच्या फोटोंसाठी झकास उजेड येतो. तेवढा वेळ जेवणाचं टेबल खिडकीशी आणि घरातली माणसं भिंतीशी. सुट्टीच्या दिवशी नवरा उजेड परतवायला पांढरा पुठ्ठा धरून उभा. शेंगा हिरव्यागार दिसाव्यात म्हणून अर्ध्या कच्च्या उतरवायच्या, टोमॅटोवर दवासारखे ग्लिसरीनचे थेंब सोडायचे, आणि सूपमधल्या भाज्या बुडू नयेत म्हणून वाटीच्या तळाशी चक्क काचेच्या गोट्या! सासूबाईंनी एकदा भुकेपोटी चमचा उचलला, तर ही किंचाळलीच.

"आई, हात नका लावू! ती कोथिंबीर मी चिमट्याने ठेवलीय!"

"अगं, पण खायचं कधी?"

"झालं की."

ते होता होता दोन वाजतात.

एके दिवशी एका मासिकाच्या संपादकबाईंचा फोन आला. वहिनीच्या फोटोंना दर महिन्याला एक आख्खं पान, 'घरचा घास' नावाचं. तीन वर्षं टोमणे झेलत वहिनीने याच फोनसाठी कानांत प्राण आणले होते. पण बाईंनी अट घातली.

"पाठवलेले फोटो सुंदरच आहेत हो, पण घर दिसत नाही त्यात. शेजारी घरच्यांचे शब्द द्या. जेवून ते काय म्हणाले, एवढंच. शुक्रवारपर्यंत आलं नाही तर पान दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल."

रविवारी फोटो झाल्यावर वहिनी वही-पेन घेऊन टेबलाशी बसली. ताटांऐवजी तोंडांकडे बघण्याची तिची ही पहिलीच वेळ.

"गार आहे," नवरा म्हणाला.

"ते सोडून सांग."

"शेंगा कच्च्या आहेत."

सासऱ्यांनी तोंडातून काहीतरी काढून बशीत टाकलं. टण्ण!

"गोटी," ते म्हणाले. "लिही. दात थोडक्यात वाचला, तेही लिही."

सासूबाई खाली मान घालून भात चिवडत होत्या. पान हातचं जाणार, या विचाराने वहिनीला रडूच फुटायचं बाकी होतं.

गुरुवारी दुपारी तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळ्यांचे शब्द स्वतःच लिहून काढले.

पान छापून आलं. नवऱ्याचा म्हणे पहिल्याच घासाला शीण पळाला होता. सासरे सुनेच्या हाताच्या चवीवर खूश होते. शेजारपाजारचे फोन थांबेनात, आणि वहिनीचे पाय जमिनीवर ठरेनात. तिने मोठ्या तोऱ्यात अंक सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि आपल्या नावावरचा मजकूर बोट ठेवून वाचला: 'मी दमले की सूनबाई सगळी कामं टाकून गरमागरम सूप आणते. आम्ही दोघी गप्पा मारत बसतो. आणखी काय हवं?'

त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. त्यांचे डोळे पाणावले. वहिनीला वाटलं, जिंकलं!

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"सुखी आहे गं ही बाई," त्या म्हणाल्या. "कुठे राहते?"