माळकऱ्याच्या लेकीचा गळ

माझ्या नणंदेइतकं मन लावून निरुपयोगी काम करणारं माणूस आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरं सापडणार नाही, आणि सापडलंच तर ते तिनंच नादाला लावलेलं असेल. आमच्या ईटमध्ये नादिष्ट माणसांचा तसा तुटवडा नाही. कुणाला कबुतरांचा नाद आहे, कुणाला बैलांचा, कुणाला निवडणुकीचा. पण हे नाद घरच्यांना निदान समजतात. माझी नणंद मासे धरायची. तेही एक वेळ समजलं असतं. पण ती मासा धरायची, त्याच्याकडं कौतुकानं बघायची आणि सोडून द्यायची. आणि हे सगळं एका माळकऱ्याच्या घरात, जिथं अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी मामा चूळ भरून यायला सांगतात. मामा म्हणजे माझे सासरे.

मी तामलवाडीहून या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि नणंद कळंबला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा झाली आणि ती सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करायला घरी आली. मामा संध्याकाळी रानातून आले की पाण्याचा तांब्या तीच द्यायची. ती घरात नसली की मी द्यायची, माझ्या हातचंही ते पाणी प्यायचे, नाही असं नाही. पण तिनं तांब्या दिला की दोन घोट पिऊन ते ओसरीवर बसायचे आणि दिवसभरात काय काय झालं ते तिला सांगायला लागायचे. कुठल्या बांधावरून कुणाची शेळी घुसली, विहिरीला पाणी किती, सगळं. हा अर्धा तास बापलेकीचा असायचा. मी भाकरी थापता थापता आतून ऐकायची, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

या सुखात गळ शिरला तो मोबाईलमधून. अभ्यास करता करता तिनं कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईचा व्हिडिओ बघितला. बाई कमरेइतक्या पाण्यात उभी, हातात लवलवती काठी, आणि दोरी डोक्यावरून मागं-पुढं अशी जाते की बघतच राहावं. पुढचे आठ दिवस ती तेच बघत राहिली. मग एक दिवस भूमहून एक पार्सल आलं. ते इतकं लांबडं होतं की माझ्या नवऱ्याला वाटलं, मी पडद्याची दांडी मागवली, आणि तो माझ्यावरच घसरला. नणंदेनं खोकं उघडून काठी जोडली आणि ओसरीवर सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. या गळाला गांडूळ लावत नाहीत, कणकेची गोळीही लावत नाहीत. आकड्याला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची. ती पाण्यावर पडली की माशाला खरी वाटते.

"म्हंजी माशाला फसवायचं," मामा म्हणाले.

"व्हय, आबा."

"आन् मग?"

"मग सोडून द्यायचा."

मामांनी बराच वेळ विचार केला. "म्हंजी बिचाऱ्याला फसवायचं बी, आन् वर उपकार बी करायचं," असं म्हणून ते हरिपाठाला बसले. काठी आणली आहे, चार दिवस खेळेल आणि माळ्यावर टाकेल, अशी त्यांची समजूत असावी. माझीही तीच होती.

पण माझी नणंद एखादी गोष्ट चार दिवसांत टाकणाऱ्यांतली नव्हे. या प्रकारात आकडा इतका हलका असतो की तो फेकताच येत नाही. वजन असतं ते दोरीला, आणि दोरी पुढं जायची तर ती आधी तेवढीच मागं जावी लागते. हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलंय की मीही आता कुणालाही शिकवू शकेन. तिनं अंगणाच्या एका टोकाला पाण्यानं भरलेली परात ठेवली, दुसऱ्या टोकाला स्वतः उभी राहिली आणि आकड्याऐवजी दोरीला लोकरीचा गोंडा बांधला. गोंडा परातीत पडायला हवा होता. महिनाभर तो परात सोडून सगळीकडं पडला. म्हशीच्या शिंगावर पडला, केबलच्या वायरीत अडकला, माझ्या उडदाच्या पापडांवर पडला, आणि एकदा मामांकडं शिवरस्त्याचं बोलायला आलेल्या एका भावकीतल्या गृहस्थांच्या चहात पडला. ती आनंदानं ओरडली, "वैनी, बगा की! परातीपरीस बारक्या जागी पडला!" गृहस्थांनी गोंडा बाहेर काढला, कप खाली ठेवला आणि रस्त्याचा विषय आजतागायत पुन्हा काढलेला नाही. मामांना ते आतून बरंच वाटलं असणार.

माश्या ती स्वतः बनवायची. पुस्तकांच्या टेबलावर पुस्तकं कोपऱ्यात गेली आणि मधोमध एक छोटा शेगडा आला, म्हणजे आकडा धरून ठेवायची लोखंडी पकड. केस लागायचे ते आमच्या काळ्या शेळीचे. तिच्या मते उस्मानाबादी शेळीच्या केसांसारखे केस जगात कुठं मिळत नाहीत. पिसं मात्र कोंबड्याच्या मानेवरचीच हवी असायची. आमच्या घरात कोंबडा येणं शक्य नव्हतं, म्हणून ती शेजारच्या चाचीच्या परसात जाऊन बसायची. चाचीचा तांबडा कोंबडा तिला बघितलं की भिंतीवर चढायचा. "क्या बेटी, माझ्या मुर्ग्याची मान उघडी पडायली की," चाची म्हणायची आणि तरी झाडलोट करताना सापडलेली पिसं कागदात गुंडाळून ठेवायची. माझ्या लग्नातल्या शालूच्या पदराची सोनेरी जर मला एकदा चांगलीच उसवलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "वैनी, ऊन पडलं की माशीचं पोट चमकाया पायजे ना."

घरात खरा प्रसंग आला तो पहिला मासा लागला त्या दिवशी. गावाजवळच्या साठवण तलावावर ती दर रविवारी सकाळी जायची आणि पोरीनं एकटं जायचं नाही म्हणून सोबत मला जावं लागायचं. मी बांधावर मेथी निवडत बसायची. त्या रविवारी तिला एक चिलापी लागली, वीतभर. तिनं ती ओल्या हातात धरली, दोन क्षण बघितली आणि पाण्यात सोडली. संध्याकाळी मामा आले, तिनं तांब्या पुढं केला आणि त्या आनंदात सगळं सांगून टाकलं. तोंडात आकडा कसा बसला, तो कसा काढला. मामांनी हातात घेतलेला तांब्या परत खाली ठेवला. "ज्या हातानं मुक्या जिवाला आकडा लावला त्या हातचं पाणी मला नगं," ते म्हणाले, आणि उठून रांजणातून स्वतःच पाणी घेऊन प्याले.

मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. पण बापलेक एकाच मातीचे. ती गळ सोडेना आणि ते पाणी घेईनात. ती रोज संध्याकाळी तांब्या भरून ओसरीवर ठेवायची. ते रोज त्याला वळसा घालून रांजणाकडं जायचे. मग ती ते पाणी तुळशीला घालायची. ते तिच्याशी बोलायचे, पण माझ्यामार्फत. ती दोन हातांवर बसलेली असताना मला हाक मारून म्हणायचे, "बाई, तिला इचार, बॅटरी कुठं ठिवली?" मग मी तिच्याकडं बघायची, ती मला सांगायची आणि मी मामांना सांगायची. हसूही यायचं आणि दोघांचा रागही यायचा. तो अर्धा तास गेला होता आणि मला भाकरी थापताना घर मुकं वाटायचं.

बरं, मासे खाणाऱ्यांची तरी तिला साथ मिळावी की नाही? तर तेही नाही. तलावाच्या ठेकेदारानं ठेवलेला एक म्हातारा राखणदार होता. तिनं सांगितलं, मी मासे नेत नाही, सोडते. त्याचा विश्वास बसेना म्हणून तो एक अख्खा दिवस तिच्याजवळ बसून राहिला. तिनं तीन मासे धरले, तीन सोडले. तिसरा सोडल्यावर त्याला ते बघवेना. "आगं, सोडायचाच हाय तर धरतीस कशाला?" तिनं विचारलं, "काका, तुमी टीव्हीवर क्रिकेट बगता, त्यात काय खायाला मिळतं?" म्हाताऱ्याला काही ते पटलं नाही. पुढं उजनीकडचं एक स्थळ तिला बघायला आलं. मुलाच्या मामानं विचारलं, छंद काय? हिनं आतून काठी आणून दाखवली. मंडळी मासे खाणारी, एकदम खुलली. मुलाचा मामा तर अंगणात जाऊन दोरी फेकून आला. मग मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, "मग मासं कसं करतीस? रस्सा का सुकं?" ही म्हणाली, "सोडून देते." पाहुण्यांच्या हातातले खव्याचे पेढे हातातच राहिले. चार दिवसांनी निरोप आला की हाताला लागलेलं सोडून देणारी पोरगी संसार काय करणार. मामांना हे कळलं तेव्हा ते पाहुण्यांवर एवढे चिडले की रागाच्या भरात तिच्याशी थेट एक वाक्य बोलले. "बरं झालं गेले ते!" मग आपण बोललो हे लक्षात येऊन रांजणाकडं गेले.

नऊ महिने असे गेले. मग एका रविवारी सकाळी मामा रानात जातो म्हणून निघाले. आम्ही तलावावर पोचलो आणि थोड्या वेळानं मला बांधाच्या बाभळीमागं त्यांचं धोतर दिसलं. लेक करते तरी काय, हे त्यांना एकदा बघायचं होतं. तिला दिसू नये म्हणून त्यांनी मोठ्या हुशारीनं जागा निवडली होती, बरोबर तिच्या पाठीमागं. गळ म्हणजे पाण्याकडं जाणारी गोष्ट, एवढंच त्यांना ठाऊक. मी ओरडायला तोंड उघडलं तोवर पाण्यात एक मोठी मरळ वर आली, हिनं काठी उचलली, दोरी सणसणत मागं गेली आणि बाभळीतून आवाज आला, "आगं आई गं!"

हिचं सगळं लक्ष मरळीत. दोरी फांदीत अडकली असं समजून तिनं मागं न बघता आणखी दोन हिसके दिले. मग बघितलं. मामा कान धरून बाभळीबाहेर आले होते, कानाच्या पाळीला माझ्या शालूच्या जरीची माशी चमकत होती. काठी टाकून ती धावली. "आबा, हलू नगा. आजिबात हलू नगा." तिनं आधी तलावात हात ओला केला, कान धरला आणि एका झटक्यात आकडा बाहेर काढला. त्याचं मांसात अडकणारं उलटं टोक ती कायम पक्कडीनं चेपून सपाट करत असे, म्हणून रक्ताचा जेमतेम एक ठिपका आला.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी कान दोन-तीनदा चाचपला. आकडा हातात घेऊन उन्हात धरून बघितला. "माशाला बी येवढंच दुखतंय का?"

"मला काय म्हाईत, आबा? मासा सांगत न्हाय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हणून तर टोक चेपते."

मामा माझ्याशेजारी बांधावर बसले. तोंडाला कोरड पडली असणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पाणी मागितलं. माझी बाटली भरलेली होती. मी ती मेथीच्या ढिगाखाली सारली आणि म्हणाले, "माझं संपलं, मामा. ताईंकडं हाय." मग त्यांनी तिच्यापुढं ओंजळ केली. तिनं पाणी ओतलं. ते प्याले, पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्याले. "गार हाय," एवढंच म्हणाले. मी मेथीकडं बघत रडून घेतलं.

त्या दिवसापासून त्यांनी आख्ख्या गावाला कान दाखवला. "म्या सवता आकड्याला लागून आलोय, मला इचारा," असं ते पारावर सांगायचे. गळ त्यांना काही पटला नाही, पण त्याविरुद्ध दुसऱ्या कुणी बोललेलंही त्यांना चालेना. संध्याकाळचा अर्धा तास परत आला. त्यात आता शेळ्यांच्या जोडीला मरळीही आल्या.

हे सुख जेमतेम दोन महिने टिकलं. तिचा नोकरीच्या परीक्षेचा निकाल लागला आणि नेमणूक निघाली ती थेट भंडाऱ्याला. तिथं म्हणे पावलोपावली तळी आहेत. ती काठी घेऊन गेली आणि चांगली रमली आहे. फोनवर इकडची चौकशी कमी आणि तिकडच्या माशांची माहितीच जास्त देते. मला तिची फार आठवण येते. रविवारी सकाळी मेथी घरात बसून निवडावी लागते आणि ती लवकर निवडून होते.

आता संध्याकाळी मामांना तांब्या मी देते. परवा ते पाणी पिऊन नेहमीसारखे उठले नाहीत, ओसरीवरच बसून राहिले. मला वाटलं, दमले असतील. मग म्हणाले, "बाई, ती घरात हुती तवा नऊ म्हैनं तिच्या हातचं पाणी पिलो न्हाय म्या. ती इतक्या लौकर जायाची हाय, हे मला कुनी सांगितलंच न्हाय."

मी तव्यावरची भाकरी उतरवून ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. "मामा," मी म्हणाले, "आज रानात काय काय झालं?"