टेपच्या मागची डबी

गाडी घ्यायचं खूळ आमच्या यांचं. यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, मुदखेडला, सिग्नलच्या वायरी दुरुस्त करण्यात. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, आता आपण निघायचं, असं निवृत्तीच्या आधीपासून म्हणायचे. मी किनवटला मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल होते. कुठली मुलगी या घडीला कुठं आहे, हे माहीत असणं हीच माझी नोकरी. फाटकाची कडी वाजली की कोण बाहेर गेलं, कोण आत आलं, हे कान आपोआप टिपायचे. निवृत्त होऊन नांदेडच्या घरी राहायला आले तेव्हा लक्ष ठेवायला कुणी उरलं नाही. सवय तेवढी राहिली.

लातूरच्या एका निवृत्त जनावरांच्या डॉक्टरांची व्हॅन विकायला आहे, असं यांना कुणीतरी सांगितलं. मागच्या सीटा काढून डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं आत झोपायची फळी, शेगडीपुरता ओटा, पाण्याची टाकी आणि खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवल्या होत्या. आम्ही बघायला गेलो तेव्हा बोलणं सगळं त्यांच्या मुलानं केलं. चाळिशीचा, कॉलेजात शिकवणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. डॉक्टर सत्तरीच्या पुढचे, उंच, बाजूच्या खुर्चीवर गप्प बसून होते.

मी त्यांनाच विचारलं, "इतक्या हौसेनं केलेली गाडी, विकता कामून?"

त्यांनी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "बाबांना आता नीट दिसत न्हाई, काकू. एक चावी पण हरवलीय त्यांच्याकडून. एकच मिळंल तुम्हाला."

 पण सौदा होऊन आम्ही त्याच गाडीत बसून निघालो, तेव्हा ओसरीवरून त्यांचाच आवाज आला, "ताई, दारात पदर अडकलाय!" माझ्या पदराचं जेमतेम बोटभर टोक दाराच्या फटीतून बाहेर राहिलं होतं. एवढ्या लांबून ज्याला ते दिसतं, त्याला दिसत कसं नाही? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

"गाडीत काहीतरी खोट हाय," मी म्हणाले.

"तुला विहारात डोळे मिटून बसलेल्या माणसावर पण शक येतो," हे म्हणाले आणि गाडी नांदेडच्या रस्त्याला लावली.

पहिली सहल आम्ही किनवटला केली. माझंच गाव झाल्यासारखं ते, रस्तेही ओळखीचे. भोकरच्या पुढं जंगल लागल्यावर हे गाणं म्हणायला लागले, कारण गाडीतल्या टेपवर एकच रेडिओ स्टेशन लागायचं आणि त्यावरही बोलण्यापेक्षा खरखर जास्त. दुसऱ्या दिवशी सागाच्या झाडांखाली गाडी लावून मी पोहे करत होते, तेव्हा यांचा मोबाईल वाजला. डॉक्टरांचा मुलगा होता.

"काका, किनवटकडच्या रस्त्यानं जपून चालवा. मागचे टायर जुने हायेत."

यांनी आनंदानं त्याचे आभार मानले. मी गॅस बंद केला.

"आपण किनवटला हाय हे त्याला कसं कळलं?"

"मीच बोललो असंन."

"कधी?"

"असंन कधीतरी."

"गाडी घेतल्यापासून तुमचं त्याच्याशी बोलणं झालेलं न्हाई. मी शेजारीच हाय ना रोज."

"मग गाडीची कागदं देताना बोललो असंन. पोहे दे."

त्यानंतर माझं सहलीत लक्ष लागलं नाही. परत येताना एक पांढरी जीप बराच वेळ आमच्या मागं होती. मी आरशात तिच्यावरच नजर ठेवून बसले. भोकरला ती वळली, तेव्हा आत लग्नाची माणसं कोंबून बसलेली दिसली. तरी मला हायसं वाटलं नाही.

टेप काढायचा विषय निघाला तो नंतर. गाडी मागं घेताना यांनी शेजाऱ्यांच्या गेटला धडक दिली. मग ठरलं, जुना टेप काढून तिथं स्क्रीन बसवायची आणि मागं कॅमेरा. त्याच्या जोडीला मोबाईलचा स्टँड, चार्जिंगची सॉकेट आणि डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा पंखाही आणला. दुकानदार सगळं बसवून द्यायला तयार होता, पण यांना तो अपमान वाटला. "माझा जन्म वायरीत गेला," असं त्याला सांगून हे सामान घरी घेऊन आले.

दुपारी अंगणात काम सुरू झालं. यांनी आधी बॅटरीची वायर सोडवली. मग पेचकसाच्या टोकाला फडकं गुंडाळून टेपभोवतीची प्लॅस्टिकची चौकट हळूहळू उचकटली. तिच्या आत चार स्क्रू. ते काढल्यावर टेप पुढं सरकला, पण मागचा प्लग काही सुटेना. हे ओढत होते, मी टॉर्च धरून होते. शेवटी त्याचा खटका सापडला आणि टेप यांच्या मांडीवर आला. मागं वायरींचा नुसता गुंता. त्यातच काळी टेपपट्टी गुंडाळलेली एक वेगळी वायर होती, ती खाली अंधारात गेली होती. यांनी ती हलकेच वर ओढली. तिच्या टोकाला काड्यापेटीएवढी काळी डबी होती. गाडीची बॅटरी सोडवलेली असूनही डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हे काय?" मी विचारलं.

"फ्यूजचं कायतरी असंल."

मी डबी उलटी केली. "फ्यूजला सिमकार्ड लागतं का?"

हे चष्मा लावून बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"तुम्ही तर लावलं न्हाई ना हे?"

"मी? तू कायम माझ्या शेजारी बसलेली. तुझा पत्ता काढायला मला मशीन कशाला लागंल?"

हे खरं होतं. डबी घेऊन आम्ही त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं एका नजरेत ओळखलं. "जीपीएस हाय, काकू. शाळेच्या गाड्यांना लावतेत. गाडी कुठं चालली, कुठं किती वेळ उभी हाय, सगळं मोबाईलवर दिसतंय."

"कुणाच्या मोबाईलवर?"

"ज्यानं लावलं त्याच्या." मग त्यानं हात पुढं केला. "ठेवून जा, बघतो मी काय करायचं ते."

याला कशाला हवी आहे ती? मी डबी पर्समधे टाकली आणि यांना हाताला धरून बाहेर काढलं.

घरी येऊन मी सगळा हिशेब जुळवला. आम्ही घरी नाही हे त्याला कळतं. गाडी कुठं उभी आहे हे कळतं. आणि दुसरी चावी हरवलेली. म्हणजे एखाद्या दिवशी गाडी तरी जाणार, नाही तर घर तरी फुटणार. पोलिसांत जाऊ, असं मी म्हणाले. हे म्हणाले, आधी विचारू. फोन करून विचारायचं नाही, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. सावध झालेला माणूस फोनवर काहीही सांगतो. तोंड बघितल्याशिवाय मला काही कळत नाही.

म्हणून डॅशबोर्डला भगदाड तसंच ठेवून आम्ही लोहा, अहमदपूर करत लातूर गाठलं. डबी यांनी स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं होतं. त्यानं सिग्नल अडतो म्हणे.

दार डॉक्टरांनी उघडलं. आम्हाला बघून त्यांना खरंच आनंद झाला. "या, या. कशी चालून राहिली गाडी?"

मी बसायच्या आधीच डबी टेबलावर ठेवली. "हे ओळखता का?"

त्यांनी ती हातात घेतली आणि चष्म्याशिवाय तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. "न्हाई बा. जनावरांच्या कानाला बिल्ला मारतेत, तसलं कायतरी दिसतंय. कुठं सापडलं?"

"तुमच्या टेपच्या मागं."

तेवढ्यात मुलगा आतून आला. टेबलाकडं बघितलं आणि उंबऱ्यातच थांबला. खिडकीतून उडी मारून सिनेमाला गेलेल्या मुली पकडल्या गेल्यावर अशाच थांबायच्या.

"तुम्ही लावलं," मी म्हणाले.

"काढायचं राहून गेलं, काकू. ॲप मोबाईलमधे तसंच होतं. एकदा सहज उघडलं, गाडी किनवटला दिसली. टायरची काळजी वाटली म्हणून फोन केला. दुसरं काही न्हाई."

"आणि चावी?"

तो कपाटाकडं गेला आणि खणातून चावी काढून माझ्या हातात दिली. हरवलेली नव्हतीच. माझा अंदाज अर्धा खरा निघाला याचं मला थोडं समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मुलगा आता माझ्याकडं बघतच नव्हता. तो वडिलांकडं बघत होता.

डॉक्टर सावकाश म्हणाले, "मी गाडी वापरत होतो, तवा लावलंस हे?"

"बाबा, तुम्ही दोन-दोन दिवस न सांगता जायचात."

"म्हंजी उदगीर तुला माहीत होतं."

मुलगा टेबलावरच्या डबीकडं बघायला लागला.

"तरीच माझे डोळे गेले. तू लपवलेली चावी पण मीच हरवली. सगळ्या गावाला सांगितलंस."

"मग काय सांगायचं होतं?" मुलाचा आवाज चढला. "दर आठवड्याला गाडी त्या बाईच्या दारात. मी कॉलेजात शिकवतो, बाबा. आणि ती बाई या घरावर डोळा ठेवून हाय, एवढं तुम्हाला कळत न्हाई?"

डॉक्टर आमच्याकडं वळले. आम्ही दोघं परकी माणसं, पण त्या क्षणी त्यांना आम्हालाच सांगावंसं वाटलं असेल. "शाळेत शिक्षिका होत्या त्या. मालक जाऊन लई वर्षं झाली. त्यांच्या म्हशीला बघायला जायचो मी. मग त्यांनी म्हैस विकली." त्यांनी डबी बोटानं बाजूला सरकवली. "तरी जात राहिलो."

 आम्ही आमचं भांडण घेऊन आलो होतो आणि दुसऱ्याच्या भांडणात मधोमध बसलो होतो. यांनी घसा खाकरला. "आम्ही निघतो." डबी टेबलावर तशीच राहिली.

चाकूर मागं पडलं. मग मी विचारलं, "जायला नको होतं का आपण?"

"तुला जाणून घ्यायचं होतं," हे म्हणाले. "कळलं."

स्क्रीन बसवायला पुढं दोन दुपारी गेल्या. भोक लहान पडलं म्हणून यांनी ते कानशीनं घासलं, तर मोठं झालं. शेवटी कडेला रबराची पट्टी लावली. कॅमेऱ्यात आमचं अंगण उलटं दिसायला लागलं, कारण कॅमेराच उलटा बसला होता. एवढं होऊनही मी यांना दुकानदाराकडं जायला सांगितलं नाही, तो डबीकडं ज्या नजरेनं बघत होता ते आठवून.

मग एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला, माझ्या मोबाईलवर. "ताई, उदगीरकडं कधी येणार हाय का तुम्ही? मला एसटीनं जाता येतं, पोरगं अडवत न्हाई आता. बोलत पण न्हाई. पण ती गाडी उदगीरच्या बाईंनी आतून कधीच बघितलेली न्हाई. कायम दारात उभीच बघितली."

हे लगेच हो म्हणाले. मीही नाही म्हटलं नाही. मला ती बाई बघायची होती.

लातूरहून डॉक्टरांना घेऊन आम्ही उदगीर गाठलं. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. बाई साठीच्या, बुटक्या, केस घट्ट बांधलेले. "बर्री, बर्री," असं कानडीत या-या म्हणत त्या बाहेर आल्या आणि थेट गाडीत चढल्या. फळी दाबून बघितली, टाकीचा नळ सोडून बघितला, स्क्रीनवर बोट लावलं. डॉक्टर खाली उभे राहून एकेक गोष्ट कशी बसवली ते सांगत होते. त्या ऐकत होत्या की नुसत्या बघत होत्या, मला ठरवता आलं नाही.

मी चहाला मदत करायला आत गेले. चहा गाळता गाळता त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "लातूरचं घर कुणाच्या नावावर हाय, डॉक्टर काय बोलले का तुम्हाला?"

बशा मांडता मांडता मी थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पोरानं बाहेर काढलं तर त्यांला जागा पाहिजे ना. माझ्याकडं हाय ते हे एवढंच."

मी त्यांचा चेहरा नीट बघितला. शेकडो मुलींचे चेहरे मी वाचले असतील. खोटं बोलणारी मुलगी आधी डोळे मोठे करते, हे मला पाठ आहे. या बाईंनी डोळे मोठे केले नाहीत, खालीही घातले नाहीत. कप बशीत ठेवले आणि ट्रे माझ्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर डॉक्टर पुढं यांच्या शेजारी बसले, मी मागं फळीवर. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी मान वळवून विचारलं, "कशा वाटल्या, ताई?"

"चहा चांगला करतात."

ते हसले. "तुम्हाला पण शक आला तर."

"आला."

"पोराचं ऐकून ऐकून मला पण येतो कधीकधी," ते म्हणाले आणि पुढं उसाची ट्रॉली होती, ती यांना दाखवली.

लातूरला घरासमोर गाडी थांबली, तेव्हा मुलगा ओसरीवर उभा होता. डॉक्टर उतरले, त्याच्याजवळून जाताना मोठ्यानं म्हणाले, "उदगीरहून आलो," आणि आत गेले. मुलगा पायऱ्या उतरून माझ्या खिडकीशी आला. त्यानं आधी मागं वळून दार बघितलं.

"काकू," तो हळू म्हणाला, "तुम्ही बघितलं ना त्यांना? कशी हाय बाई?"

माझ्या जिभेवर घराचा तो प्रश्न आला होता. तो सांगितला असता तर त्याला हवं ते मिळालं असतं. पण तो प्रश्न लोभाचा होता की काळजीचा, हे मलाच अजून कळलेलं नव्हतं.

"मला सांगता यायचं न्हाई," मी म्हणाले. "तुम्ही एकदा जा. त्यांच्या हातचा चहा प्या, समोर बसून बोला."

त्यानं परत एकदा दाराकडं बघितलं. यांनी गाडी मागं घ्यायला सुरुवात केली, तसा तो बाजूला झाला.