लखूची चार बोटं

रविवार, होळीला पंधरा दिवस होते. हजर : मी, माझी आई, गॅरेजवाला लक्ष्मण म्हणजे आमचा लखू, आणि नाचणीची दोन पोती. वहीत असंच लिहिलंय. लखूची आणि माझी ती शेवटची भेट.

मी जव्हारला शाळेत शिकवते, आणि याद्या केल्याशिवाय मला काम सुचत नाही. लखू माझा वर्गमित्र. त्याने आयुष्यात एकही यादी केली नाही. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला दर आठवड्याला गावाहून, पोशेऱ्याहून, जव्हारला तपासणीसाठी आणावं लागे. माझी गाडी बुटकी. गावाबाहेरच्या मोरीवर तिचं पोट घासायचं, आणि दणका थेट आईच्या खुब्यात. गाडी उंच करावी, तर आईचा पाय वर चढेना. शेवटी लखूने उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग बाहेरून मागवून बसवले. स्प्रिंगखाली आट्यांची रिंग असते. ती वर फिरवली की गाडी उचलली जाते, खाली फिरवली की बसते. एवढंच... पण किती फिरवायची, त्यावर आमचं भांडण.

मी रिकाम्या गाडीची चारही चाकांजवळची मापं टेपने घेऊन आणली होती, तक्ता आखून. त्याने वही पाहिली. "मास्तरीण, यात माणसं कुठं हायेत?"

मग त्याने मला स्टेअरिंगवर बसवलं, आईला तिच्या नेहमीच्या जागी, मागे डावीकडे, आणि डिकीत पोती, कारण येताना ती असायचीच.

"लखू, मी काय पोतं हाय काय रं?" आई म्हणाली.

"पोतं तं गप बसतं, आये. हलू नको."

तो वाकला आणि टायर नि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून बघू लागला. आईला उतरवायचं, गाडी जॅकवर घ्यायची, रिंग फिरवायची, गाडी खाली, आईला परत बसवायचं. चार वेळा. प्रत्येक वेळी आईने चढून दाखवायचं. चौथ्यांदा ती कुणाच्या हाताला न धरता चढली, तसा तो म्हणाला, "चार बोटं. हेच माप."

"सेंटीमीटर सांग," मी म्हटलं. तो हसला आणि ऑइलने काळी झालेली चार बोटं त्याने माझ्या तक्त्यावर दाबली. "घे, लिहून ठेव!" मी चिडले. पान खराब झालं म्हणून.

"नवा स्प्रिंग थोडा बसतो," त्याने निघताना सांगितलं. "होळी झाली की ये, परत मोजू. आयेला घेऊन ये. तिच्याबिगर माप नाय."

होळी झाली. त्याचा फोन आला. पेपर तपासायचे होते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. शुक्रवारी दुपारी पेपरांच्या गठ्ठ्यापाशीच मला कळलं, लखूच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी हातातला पेपर तपासून पूर्ण केला. गुणांची बेरीजही केली. का, ते अजून कळत नाही.

त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात मी कपाटं आवरली, शाळेचं दप्तर लावलं, लखूच्या बायकोची कागदपत्रं करून दिली. रिकामं बसवत नाही. कागदपत्रं देऊन निघताना लखूच्या बायकोने त्याचा रिंग फिरवायचा, हुकासारख्या तोंडाचा पाना माझ्या हातात ठेवला. "तुमची गाडी राहिली म्हणत होते," एवढंच बोलली.

गाडी मागे डावीकडे बसलीय. माझी बोटं घालून पाहिली, चार जेमतेम जातात. पण माझी बारीक. त्याची किती रुंद होती, ते वहीत आहे. पट्टी लावली की आकडा मिळेल, आणि आकडा मिळाला की जव्हारमधला कुठलाही मेकॅनिक रिंग फिरवून देईल. कुठलाही.

काल आईला आणताना मोरीवर गाडी पुन्हा घासली. मोरी यायच्या आधीच आईने दारावरची दांडी घट्ट धरली होती. रात्री वही उघडून मी पट्टी काढली. पट्टी त्या पानावर पडून आहे, बोटांच्या ठशांच्या बाजूला. यादीत एकच ओळ बाकी : मागे डावी, आईला बसवून, पुन्हा मोजणे.