मोटारसायकल डावीकडे जाते

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाबांची मोटारसायकल डावीकडे जाऊ लागली.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे त्यांना कारण विचारायची सोय नव्हती. पेडण्याच्या बाजारात माझं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे, आणि रोज सकाळी मी गावातून तिच्यावरूनच जातो. मी हँडल सरळ धरलं की ती डावीकडे. मी उजवीकडे ओढलं की उजवीकडे आल्यासारखं करायची, कंबर हलवायची, आणि पुन्हा डावीकडे! वेग वाढवला तर हँडल असं थरथरायचं की माझा चष्मा, गाल आणि पोट (हे कुणाला सांगू नका) तीन वेगवेगळ्या तालांत नाचायचे.

दोष माझा असणं तर शक्यच नव्हतं. उलट दसऱ्याच्या दिवशी मी तिला अंगणात तुळशीवृंदावनाला खेटून उभी केली होती, धुतली होती, सैल पडलेली चेन स्वतः पाना घेऊन ओढली होती, आणि जागेवरून न हलवता लगेच गंध-फूल वाहून पूजाही केली होती. इतकं तर बाबांनीही कधी केलं नव्हतं!

आईने रोगाचं निदान घरात बसूनच केलं.

"पूजेत कायतरी उणा रवला असतला. गावच्या राखणदार देवाक नारळ दी आणि गाऱ्हाणा घाल."

"आई, ही मशीन आहे!"

"मग? मशिनीक देव नाय?"

माझी बायको रेश्मा देवाच्या भानगडीत पडली नाही. ती म्हणाली, "तुळशीच्या लग्नापर्यंत ही सरळ चालली तर ठीक. नाहीतर भंगारवाला. अंगणात पाहुणे बसवायचे की तुमचं हे धूड? आणि एक दिवस ती तुम्हाला घेऊन शेतात जाईल, ते वेगळंच!"

याच मोटारसायकलच्या टाकीवर बसवून बाबा मला तेरेखोलला न्यायचे. ती भंगारात? मी हयात असताना?

तडक गाड्या दुरुस्त करणाऱ्या राजू मेस्तकडे गेलो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला.

"तिथे नको," मी म्हणालो. "मागचं मी स्वतः केलंय."

"एक नजर मारतंय, सायबा."

"नजर पण नको! थरथरतंय हँडल, मग रोग पुढे असणार ना? ताप आला तर थर्मामीटर तोंडात घालतात, गुडघ्याला नाही!"

माझ्या या तर्कापुढे राजू हात टेकून उठला (पुढे त्याने ही उपमा सगळ्या पेडण्यात ऐकवली, ते वेगळं). त्याने हँडलच्या मानेतले छर्रे बदलले. गाडी डावीकडे. पुढचा टायर बदलला. डावीकडे, पण आता नव्या टायरवरून. पुढचे शॉकअब्सॉर्बर खोलून तेल बदललं. गाडी डावीकडे गेली, आणि यावेळी अगदी मऊ मऊ गेली!

एव्हाना गावात वेगळाच संशय सुरू झाला होता. नाक्यावर बसलेले भालूकाका मला बघून प्रेमाने म्हणाले, "काय रे सुदेश, आज सकाळीच?"

"काका, गाडी डुलते!"

"होय रे बाबा, सगळे तसाच म्हणतत."

हरमलच्या बाजूने आलेल्या एका गोऱ्या पाहुण्याने तर भाड्याची स्कूटर हळू करून मला अंगठा दाखवला. त्याला बहुधा वाटलं, मी सुट्टीवर आहे.

शेवटी डिचोलीहून रेश्माचा भाऊ दीपू आला. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. "भावजी, गाडीचा रोग मागे बसल्याशिवाय कळत नाही. चला!"

आम्ही निघालो. मी पुढे घामाघूम, तो मागे डोळे मिटून ध्यानस्थ. वळणावर पुढून पों-पों ऐकू आलं. पावांची टोपली सायकलवर घेऊन पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, डाव्या कडेने चालला होता.

"भावजी, उजवीकडे घ्या!"

"घेतोय रे!"

"मग ही कुठे जातेय?"

ती पोदेराकडे जात होती. सायकल आडवी झाली आणि गोल उंडे, कातरे पाव, सगळे उतारावरून आमच्यापेक्षा सरळ घरंगळत गेले. पोदेर उठून कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सायबा, रस्तो इतको व्हड आसा मरे! माझ्याच सायकलीर कित्याक?"

सगळे पाव मलाच विकत घ्यावे लागले, आणि पुढे बरेच दिवस आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ उंडेच होते.

मग मीही नारळ घेतला आणि आईला मागे बसवून निघालो. राखणदाराचं ठिकाण रस्त्याच्या डाव्या बाजूला आहे. मोटारसायकल आपणहून तिथे जाऊन थांबली. आई गहिवरली. "बघ, तिका कळता!"

गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, आणि परत येताना गाडी डावीकडच्या कुंपणात गेली.

तुळशीच्या लग्नाचा दिवस उजाडला. रेश्माने भंगारवाल्याला फोन केला. वृंदावन रंगवायचं म्हणून गाडी तिथून हलवली, फिरवून उलटी लावली, आणि ब्रश घेतलेली रेश्मा मध्येच थांबली.

"अहो, या बाजूला गंध का नाही?"

मी वाकून पाहिलं. उजव्या बाजूला चाकाजवळ वाळलेल्या गंधाचा टिळा, झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्या, आणि मी पान्याने फिरवलेला चेनचा चकचकीत नट. डाव्या बाजूला टिळा नाही, पाकळी नाही, आणि नटावर गेल्या पावसाळ्याचा चिखल जसाच्या तसा! चेन ओढताना दोन्ही बाजूंचे नट सारखे फिरवावे लागतात; पण ही बाजू वृंदावनाला खेटलेली, म्हणून मी चेन ओढली ती एकाच बाजूने आणि पूजा केली तीही एकाच बाजूने. एवढे दिवस मी मागचं चाक तिरकं लावून सगळ्या पेडण्याला पुढचं चाक दाखवत फिरत होतो!

"पूजेत उणा रवला, मी सांगलंय ना तुका!" आई ओट्यावरून गरजली. डाव्या बाजूला गंध-फूल वाहीपर्यंत तिने मला पान्याला हात लावू दिला नाही. मग मी डावा नट उजव्याच्या बरोबरीला आणला आणि नाक्यापर्यंत चक्कर मारली. गाडी सुतासारखी सरळ! भालूकाका हळहळले, "सोडलंस? बरा केलंस."

परत आलो तर भंगारवाला अंगणात उभा. "काय न्यायचं, वैनी?"

"ती राहू दे," रेश्मा मोटारसायकलकडे बघून म्हणाली.

मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला म्हणाली, "जरा थांबा."